पेटीत सापडलेलं पाचबारी रिव्हॉल्व्हर, टोपीचं का काडतुसाचं?

धरणगावचा नातू:
राम राम मंडळी. जुनं धाब्याचं घर पाडतोय, तर आजोबांच्या लाकडी पेटीत गंजलेलं रिव्हॉल्व्हर निघालं. आजी म्हणायची खापरपणजोबा भिल्ल कोअरमध्ये (इंग्रजांच्या भिल्ल पलटणीत) होते आणि हे सत्तावनच्या धामधुमीतलं आहे. पण तेव्हा तर टोपीची हत्यारं होती ना? याच्या चक्रीची पाचही भोकं आरपार आहेत, मागे उजवीकडे छोटं दार पण आहे. मग आजीचं खोटं का?

तापीकाठ:
खोटं नाही भाऊ, अर्धं खरं असू शकतं. टोपीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चक्री मागून बंद असते, दारू आणि गोळी पुढून ठासायची, मागे प्रत्येक घराला एक निपल (भोक असलेली बारीक नळी), त्यावर तांब्याची टोपी, घोडा पडला की ठिणगी आत. काडतूस मागून भरायचं म्हणजे चक्री आरपारच लागते, आणि नेमकं त्याचंच पेटंट अमेरिकेत रोलिन व्हाइटने 1855 ला घेतलेलं, स्मिथ अँड वेसन ही बंदूक कंपनी ते वापरायला त्याला दर नगामागे 25 सेंट द्यायची. ते पेटंट 1869 ला संपलं तेव्हा कोल्ट या दुसऱ्या कंपनीने आपली शिल्लक टोपीची रिव्हॉल्व्हरं बदलून विकली, चक्रीचा मागचा भाग कापून तिथे दार असलेली तबकडी बसवली आणि ठासणीच्या दांडीच्या जागी रिकामी काडतुसं ढकलायची सळई.

इंग्रजांनी स्वतःच्या ब्यूमाँट-अ‍ॅडम्स या टोपीच्या रिव्हॉल्व्हरचं 1868 ला तसंच केलं, नवी चक्री, दार, सळई. ते पण पाचबारीच. तुमच्याकडे चक्रीच्या वरून लोखंडी पट्टी जाते का? कोल्टच्या त्या जुन्यांना वर पट्टी नसते, अ‍ॅडम्सची फ्रेम आणि नळी एकाच तुकड्याची.

धरणगावचा नातू:
हो पट्टी आहे!! आणि नळीच्या बाजूला सळई पण आहे, गंजून चिकटलीय. मामा म्हणतो एरंडोलला ओळखीचा लोहार आहे, साफ करून चालू करून देईल.

साक्रीकर:
अजिबात नको दादा, हात जोडून सांगतो. हत्यार कायदा 1959 प्रमाणे दुरुस्ती करायला, बदलायला सुद्धा परवाना लागतो, आणि जुनं म्हणून सूट फक्त दुरुस्त करूनही चालणार नाही अशालाच. ते ठरवणारे आपण नाही. शिवाय आत काही भरलेलं असेल तर? घोडा ओढू नका, कानस लावू नका, आहे तिथेच राहू द्या आणि पोलीस ठाण्यात कळवा.

तापीकाठ:
साक्रीकरांचं ऐका. आणि घासलं तर लोखंडावरचे छाप जातील हो, तेच तर वाचायचेत. अ‍ॅडम्सच असेल तर अंग 1857 च्या सुमाराचं असू शकतं आणि पाठ 1868 किंवा नंतरची, म्हणजे आजीचं पण बरोबर असू शकतं.

धरणगावचा नातू:
लोहाराला नाही म्हणून सांगितलं. काकांना घेऊन संध्याकाळी ठाण्यात जातो.