'आर्ट ऑफ फ्यूग' ऑर्गनवर ऐकायचं तर कोणाचं: वाल्खाचं की गूल्डचं?

मंद्रपंचम

गेले दोन महिने रोज रात्री जेवणं आटोपली की मी एकच गोष्ट ऐकतोय. जर्मन संगीतकार बाखच्या 'आर्ट ऑफ फ्यूग'मधला पहिला फ्यूग (एकच धून अनेक आवाज एकामागून एक उचलतात अशी रचना), दोन वादकांच्या हातून, दोन्ही वेळा नळ्यांत हवा सोडून वाजणाऱ्या पाईप ऑर्गनवर. एक जर्मन ऑर्गनवादक हेल्मुट वाल्खा, १९५६, हॉलंडमधल्या अल्कमारचं सेंट लॉरेन्स चर्च. दुसरा कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड, १९६२, टोरांटोमधलं एक चर्च. माझं मत आधीच सांगून टाकतो. ही रचना ऑर्गनवरच पुरती उलगडते, आणि ऑर्गनवर ऐकायची तर वाल्खाचीच ऐकावी.

ज्यांच्या कानावर ती कधी पडली नाही त्यांच्यासाठी थोडं. बाख १७५० साली गेला, रचना छापून आली १७५१ साली. चौदा फ्यूग, चार कॅनन (एक आवाज दुसऱ्याची नक्कल करत मागून येतो अशा रचना), आणि सगळ्यांचं बीज एकच. 'डी' हा सा धरला तर ते बीज असं: सा, प, कोमल ग, सा, खालचा शुद्ध नी, सा, रे, पुन्हा कोमल ग, आणि मग म ग रे सा करत घरी. घरात पेटी असेल तर एका बोटाने वाजवून बघा, लगेच हाताला बसतं. पहिल्या फ्यूगमध्ये चार आवाज ते एकामागून एक उचलतात. आधी अल्टो, मग सोप्रानो, मग बास, शेवटी टेनर (उंचीने वरून खाली: सोप्रानो, अल्टो, टेनर, बास). बाखने प्रत्येक आवाजाला स्वतंत्र ओळ दिली आणि वाद्य कोणतं ते कुठेच लिहिलं नाही. सगळे वाद तिथूनच निघाले.

वाल्खाची दृष्टी सोळाव्या वर्षी पूर्ण गेली. पुढे घरातलं कोणी तरी एकेक आवाज सुटा वाजवून दाखवायचं, तो चारही आवाज वेगवेगळे पाठ करायचा आणि डोक्यात एकत्र बांधायचा. हे माहीत नसतानाही मला त्याच्या वाजवण्यात ते जाणवलं होतं. सोप्रानो आत आला म्हणून अल्टो मागे सरत नाही. तो आपलं बोलणं पुरं करतो.

पण माझा खरा मुद्दा शेवटचा आहे. फ्यूग ७८ बारचा (बार म्हणजे आवर्तनासारखा मोजायचा तुकडा). सत्तराव्या बारच्या आसपास, सगळं भरात असताना, संगीत एकदम थांबतं. एक स्वरसमूह, मग शांतता. पुन्हा एक, पुन्हा शांतता. वाल्खाच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या दोन्ही जागी चर्चचा घुमारा उरतो, सूर छताकडे चढत विरतो, आणि तो पुरता विरायच्या आत पुढचं येतं. मग बास खालचा सा धरून बसतो आणि त्यावर टेनर ते बीज शेवटचं म्हणतो. तो खर्ज शेवटपर्यंत जागचा हलत नाही. तंबोऱ्याखाली वाढलेल्या आपल्या कानांना ते किती आपलं वाटतं! पियानोवर किंवा हार्पसिकॉर्डवर (तारा छेडून वाजणारं जुनं कळफलकवाद्य) तो सा विझत जातो, म्हणजे टेनर बोलत असताना त्याच्या पायाखालची जमीनच सरकते.

गूल्डकडे तोच शेवट कोरडा होतो. सूर तुटक, शांतता कोरी. मी प्रामाणिकपणे दहा-बारा वेळा प्रयत्न केला. मला त्यात श्वास सापडत नाही.

पेटीवाला

मंद्रपंचम, लिहिलंय फार जीव लावून, पण मला अगदी उलट ऐकू येतं. मी तीस वर्षं पेटीची साथ करतोय, त्या कानाने सांगतो.

पाईप ऑर्गनच्या पट्टीवर बोट जोरात टाका की हळू, आवाज तेवढाच. आपल्या पेटीवर निदान भाता आपल्या हातात असतो, फुंकर कमीजास्त करता येते. तिथे हवेचा दाब मुद्दाम एकसारखा राखलेला असतो. स्टॉप (नळ्यांचा एकेक संच चालू-बंद करणारी खुंटी) ओढून रंग बदलेल, पण एका सुराला दुसऱ्यापेक्षा वजन द्यायचं कसं? वादकाच्या हातात दोनच गोष्टी उरतात: बोट कधी ठेवायचं आणि कधी उचलायचं. त्यातली दुसरी जास्त अवघड. साथीला बसलेला नवखा मुलगा पट्ट्या दाबून धरतो आणि गायकाच्या तानेचा चिखल करतो. त्याला आधी शिकवावं लागतं ते बोट उचलायला.

गूल्ड मला इथेच मोठा वाटतो. तो सुरांमध्ये फट ठेवतो. त्याच्या फ्यूगमध्ये बीजाचे पहिले चार सूर चार पावलांसारखे सुटे पडतात, त्यामुळे कुठल्याही आवाजात, कितीही गर्दीत, ते बीज ओळखू येतं. तुम्ही ज्याला तुटक म्हणता त्याला मी उच्चार म्हणतो. व्यंजनं गिळली तर नुसत्या स्वरांवर कविता कळत नाही.

वाल्खाही स्पष्ट वाजवतो, ते मान्य. त्याचे हात स्वच्छच आहेत. पण ते चर्च त्याची व्यंजनं खातं. मधले बार डोळे मिटून ऐका आणि टेनर कुठे आहे ते सांगा.

आणखी एक. आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. त्याचाही सूर लांब टिकायचा, आणि जुने जाणकार वाखाणायचे ते पदाच्या शब्दाला जागा देणारा वादक. सूर टिकतो हा वाद्याचा गुण झाला. त्यात वादकाचं काय?

तंतुप्रेमी

दोघांनाही नमस्कार, पण तुम्ही चुकीच्या दाराशी भांडताय. ही रचना हार्पसिकॉर्डची आहे. डच हार्पसिकॉर्डवादक गुस्ताफ लेओनहार्टने १९५२ साली यावर एक छोटी पुस्तिका लिहिली, आणि मग स्वतः हार्पसिकॉर्डवर दोनदा रेकॉर्डिंग केलं, १९५३ आणि १९६९ मध्ये.

चार सुट्या ओळींत लिहिणं हे गूढ नाही. बहुस्वरी कळफलकसंगीत तसं लिहायची जुनी चाल होती, नजरेला प्रत्येक आवाज वेगळा दिसावा म्हणून. आरशासारखे उलटणारे फ्यूग सोडले तर बाकी सगळं दोन हातांत बसतं. बाखने ऑर्गनसाठी लिहिलेलं संगीत बघा, पायांसाठी वेगळी चाल असते, पायांना जमेल आणि शोभेल अशी. इथला बास तसा नाहीच. तो बाकीच्या तिघांसारखाच धावतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ऑर्गनवादक बासला पेडलवर (पायांनी वाजवायच्या पट्ट्यांवर) नेतो आणि बहुतेक वेळा सोळा फुटी स्टॉप लावतो, म्हणजे लिहिलेल्या सुराच्या खालचं सप्तक वाजतं. पण या रचनेत काही जागी टेनर बासच्या खाली उतरतो. तिथे खरा पाया टेनर आहे. सोळा फुटी स्टॉप लावलात की बास पुन्हा सगळ्यांच्या तळाशी जातो आणि स्वरसंगतीचा पायाच बदलतो. बाखसारखा माणूस हे चालवून घेईल?

सूर विझतो ही तक्रार मला कळत नाही. सतारीचा सूरही विझतो. त्या विझण्यातच आस असते, आणि उरलेला सूर कान धरून ठेवतो.

मंद्रपंचम

तंतुप्रेमी, टेनर बासखाली जातो हा मुद्दा मला आज पहिल्यांदा कळला, आणि तो मला मान्य आहे. तेवढ्या जागी आठ फुटी (लिहिलेलाच सूर देणारा) स्टॉप लावून पेडल वाजवावं, किंवा चारही आवाज हातांनी वाजवावेत. पण म्हणून वाद्यच बदलायचं?

सुट्या ओळींचं म्हणाल तर इटालियन संगीतकार फ्रेस्कोबाल्दीचं १६३५ सालचं 'फियोरी मुझिकाली' असंच सुट्या ओळींत छापलेलं आहे, आणि ते चर्चमधल्या ऑर्गनचंच संगीत. बाखकडे त्याची प्रत होती, १७१४ सालची. म्हणजे सुट्या ओळी हा हार्पसिकॉर्डचा पुरावा ठरत नाही. शिवाय १७५१च्या छापील प्रतीत शेवटी काय जोडलं? ऑर्गनवर वाजवायचं एक कोराल, म्हणजे चर्चमधल्या स्तोत्रावरची रचना.

तंतुप्रेमी

फ्रेस्कोबाल्दीचं बरोबर. मी त्या पुराव्यावर जरा जास्तच भार टाकला. कोरालचं मात्र नाही. शेवटचा फ्यूग २३९व्या बारपाशी तुटला, गिऱ्हाइकाच्या हाती अपुरं पुस्तक पडू नये म्हणून भरपाई म्हणून ते कोराल घातलं. तो छापणाऱ्यांचा निर्णय. बाख तोवर गेलेला होता.

हॉलंडचा पाऊस

मी ॲमस्टरडॅमजवळ राहते. मागच्या उन्हाळ्यात खास या ऑर्गनसाठी अल्कमारला गेले होते. तेव्हा जे ऐकलं ते सांगते, त्याने वाद मिटेल असं नाही.

ऑर्गन प्रचंड आहे. मूळ १६३९ ते १६४६ या काळातला, हागरबेअर घराण्याने बांधलेला. १७२३ ते १७२५ मध्ये फ्रान्स कास्पर श्निटगरने तो जवळपास नव्याने घडवला. हॅम्बुर्गच्या प्रसिद्ध आर्प श्निटगरचा हा मुलगा. कार्यक्रमाच्या पहिल्या अर्ध्यात मी बरोबर ऑर्गनखाली बसले. नळीत हवा शिरताना सुराच्या आधी एक बारीक 'च्च' होतो, जिभेने टाळूला लावावी तसा. पेटीवाले म्हणतात ती व्यंजनं! प्रत्येक आवाजाची वेगळी. मग मध्यंतरात उठून मागच्या दाराजवळच्या खांबापाशी जाऊन बसले. तोच वादक, तोच ऑर्गन, आणि तो 'च्च' पार गेला. उरला तो मंद्रपंचमांचा घुमारा.

म्हणून विचारते, तुम्ही वाल्खा आणि गूल्डची तुलना करताय की मायक्रोफोन कुठे ठेवला होता त्याची? गूल्डच्या रेकॉर्डिंगमध्ये नळ्या कानाशी आल्यासारख्या वाटतात. वाल्खाच्या रेकॉर्डिंगमध्ये आपण बाकावर बसलेलो असतो. शिवाय अल्कमारच्या ऑर्गनची १९८०च्या दशकात मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा १९५६ साली वाल्खाच्या बोटांखाली जे वाद्य होतं ते तंतोतंत मीही ऐकलेलं नाही.

साताऱ्याचा श्रोता

हाच विचार मनात होता. फ्रेंच ऑर्गनवादक मारी-क्लेअर आलँने बाखचं सगळं ऑर्गनसंगीत तीनदा रेकॉर्ड केलं, आणि तिसऱ्यांदा मुद्दाम जुन्या काळचे ऑर्गन निवडले. वादक एकच ठेवून वाद्य बदललं की काय होतं ते तिथे तपासता येईल.

पेटीवाला

पावसाबाई, तुमच्या त्या 'च्च'ने माझा दिवस सोन्याचा केला. पण मायक्रोफोनवर सगळं ढकलू नका. मायक्रोफोन जवळ ठेवला म्हणून फट तयार होत नाही. बोट उचललं म्हणून होते. फट आधी वाजवावी लागते, मग ती टिपता येते.

गूल्डवर एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो खरा आहे. त्याने ऑर्गनवर फक्त पहिले नऊच फ्यूग रेकॉर्ड केले. जिथे बाखच्या नावाची अक्षरं सूर होऊन येतात, तो तुटलेला फ्यूग त्याने ऑर्गनवर दिलाच नाही, पुढे पियानोवर वाजवला. म्हणजे पूर्ण रचना ऑर्गनवर ऐकायची असेल तर मी कितीही भांडलो तरी गूल्डची शिफारस करू शकत नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण पहिल्या फ्यूगपुरतं मी हटणार नाही. मंद्रपंचम, आज रात्री एक करा. आवाज अगदी हळू ठेवा, शेजारच्या खोलीतली कुजबूज वाटेल इतका. शेवटचा टेनर दोघांकडे ऐका.

मंद्रपंचम

ऐकलं. रात्री साडेअकराला, हेडफोन लावून, आवाज हळू.

वाल्खाकडे तो टेनर मला ऐकू आला, पण तिसऱ्यांदा ऐकताना एक गोष्ट लक्षात आली. तो कधी येणार हे मला पाठ आहे, म्हणून मी त्याला जाऊन भेटत होतो. गूल्डकडे तो स्वतः आला. पहिला सूर, फट, दुसरा सूर. पेटीवाले, तुमचं म्हणणं या एका जागी बरोबर आहे, आणि गूल्डकडे श्वास नाही हे माझं वाक्य मी मागे घेतो. तो श्वास मी सुरात शोधत होतो, आणि होता फटीत.

शांततेच्या त्या दोन जागांचं मात्र नाही पटत. गूल्डकडे तिथे संगीत थांबतं. वाल्खाकडे ते थांबूनही खोलीत असतं, आणि पुढचा स्वरसमूह जणू त्याचीच वाट बघत आलेला असतो. हे मायक्रोफोनमुळे झालं असेल, चर्चमुळे झालं असेल. पण पुढच्या सुराला किती वेळाने हात घालायचा हे त्या आंधळ्या माणसाने चर्चचा घुमारा ऐकून ठरवलं, अशी माझी खात्री आहे. घुमाऱ्याला मोजून वाजवणं हेही बोट उचलण्याइतकंच वादकाचं काम आहे.

पेटीवाला

हे शेवटचं वाक्य मी डोक्यात ठेवून आता वाल्खा ऐकतो. साथीतही गायक थांबला की आपण कधी भरायचं आणि कधी तंबोऱ्यावर सोडायचं, हा प्रश्न असतोच.

मंद्रपंचम

तंतुप्रेमी, एक काम तुमच्याकडे. शेवटच्या पाच बारांमधला तो खालचा सा लेओनहार्ट १९६९च्या रेकॉर्डिंगमध्ये मध्येच पुन्हा छेडतो की विझू देतो? माझ्याकडे ते रेकॉर्डिंग नाही. ऐकून सांगाल का?