'सेट' म्हणजे बसवणे

इंग्रजीतल्या 'रन' या क्रियापदाला शेकडो अर्थ आहेत, असे सांगितले जाते. त्यात 'सेट'ची भर घालावीशी वाटते, कारण १९८९ साली निघालेल्या ऑक्सफर्ड कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत मोठी नोंद याच शब्दाची होती. हे क्रियापद मूळचे 'सिट'चे प्रयोजक रूप, म्हणजे 'बसवणे'. आणि एवढे ध्यानात घेतले की त्याचे विखुरलेले अर्थ आपल्याला ओळखीचे वाटू लागतात, कारण अंगठीतला हिरा आणि मोडलेले हाड ही दोन्ही आपणही बसवतोच. मात्र गजर आणि सापळा आपण लावतो, दही आपोआप लागते आणि सूर्य मावळतो. इंग्रजीला या सगळ्यांसाठी 'सेट' पुरतो. संच या अर्थाच्या नामात जुन्या फ्रेंचमधला वेगळा शब्दही मिसळला आहे.

पुण्यात हा शब्द सर्वांत नेमकेपणाने बांधकामावर वापरला जातो, असे माझे मत आहे. भारतीय मानकानुसार साधे पोर्टलँड सिमेंट ३० मिनिटांच्या आत आळू लागता कामा नये आणि ६०० मिनिटांत त्याचे आळणे पुरे झाले पाहिजे. 'माल सेट व्हायच्या आत' थापी फिरवणाऱ्या गवंड्याला हा हिशेब हातानेच कळतो. 'मुलगा बाणेरला सेट झाला' हा प्रयोग मात्र मला खटकतो, कारण तिथे 'जम बसला', 'बस्तान बसले', 'घडी बसली' असे तीन वेगवेगळ्या छटांचे प्रयोग आपल्या हाताशी आहेत.