ब्रिटनच्या विकास मदतीचे नेमके उद्दिष्ट काय?

प्रश्न
राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम परदेशी विकास मदतीवर खर्च करण्याचे लक्ष्य ब्रिटनने २०१५ मध्ये कायद्यातच नोंदवले. तरीही २०२१ मध्ये हे प्रमाण ०.५ टक्क्यांवर आले आणि २०२७ पर्यंत ते ०.३ टक्क्यांवर आणून वाचणारा पैसा संरक्षणाकडे वळवण्याची घोषणा पंतप्रधान स्टार्मर यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये केली. कायदा रद्द न करता हे करता येते का? आणि गरिबी कमी करणे हे उद्दिष्ट अजून कायम आहे का?

प्रतिसाद १
करता येते. लक्ष्य चुकल्यास मंत्र्याने संसदेपुढे निवेदन ठेवून कारणे द्यावीत, एवढीच या कायद्याची अपेक्षा आहे, आणि आर्थिक परिस्थिती हे कारण त्याला मान्य आहे.

उद्दिष्टाचा प्रश्न मात्र २००२ च्या आंतरराष्ट्रीय विकास कायद्याकडे नेतो. मलेशियातील पेरगाउ धरणाला दिलेल्या मदतीचे धागेदोरे शस्त्रविक्रीपर्यंत पोहोचत असल्याचे उघड झाले होते. १९९४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ती मदत बेकायदा ठरवली, तीही शस्त्रांमुळे नव्हे, तर प्रकल्प आर्थिकदृष्ट्या इतका तकलादू होता की त्याला विकासाचे काम म्हणणेच शक्य नव्हते म्हणून. पुढे २००२ च्या कायद्याने, विकास साहाय्यातून गरिबी कमी होण्याची शक्यता असल्याची मंत्र्याची खात्री झालेली असावी, अशी अट घातली. ती आजही लागू आहे.

प्रतिसाद २
अट आहे, पण ती सगळ्या पैशाला लागू होत नाही, हे वर आलेले नाही. विकास मदत कशाला म्हणायचे याचे निकष ठरवणाऱ्या आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या (ओईसीडी) नियमांनुसार निर्वासितांवर यजमान देशातच पहिल्या बारा महिन्यांत होणारा ठरावीक खर्चही विकास मदत म्हणून मोजता येतो. २०२३ मध्ये ब्रिटनच्या एकूण मदतीचा एक चतुर्थांशाहून अधिक भाग अशा रीतीने ब्रिटनमध्येच खर्ची पडला आणि त्यातला मोठा वाटा हॉटेलांतील निवासाचा होता. निर्वासितांना आसरा द्यायलाच हवा, याबद्दल माझा वाद नाही. परंतु त्याचे बिल दूरच्या देशांतील दवाखान्यांच्या आणि शाळांच्या तरतुदीतून फेडणे मला पटत नाही.

प्रश्नकर्ता
म्हणजे ०.३ टक्क्यांतूनही हा खर्च आधी वजा होणार?

प्रतिसाद २
होय, नियम तोच राहिला तर. म्हणून वार्षिक आकडेवारीत एकूण टक्केवारीबरोबरच, निर्वासितांच्या निवासाचा खर्च ज्याच्याकडे असतो त्या गृहखात्याच्या नावावर किती रक्कम पडली आहे, तेही पाहावे.