सांगलीत नाव घालू का कोल्हापुरात?

हळदवाला
सांगलीचा आहे, वय २९. मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब बघतो. गेल्या महिन्यात एचआयव्ही पॉझिटिव्ह निघालो. मी गे आहे, हे घरात कुणालाच माहीत नाही.

डॉक्टर म्हणाले, गोळ्या वेळेवर घे, म्हातारा होशील. ते पटलंय. घोडं अडलंय ते दुसरीकडंच. कॉलेजात कट्ट्यावर पोरं म्हणायची, "असल्यांना शेवटी तोच रोग होतो." रिपोर्ट हातात आला तेव्हा पहिल्यांदा तेच आठवलं. त्यांचं खरं झालं, याचाच जास्त त्रास होतोय. बहिणीच्या पोराला माझ्या ताटातला भात खायची सवय. परवा मी ताट घेऊन गच्चीवर गेलो, तो जिन्यात रडत बसला. उष्ट्यानं हे होत नाही, माहीत आहे. तरी हात मागं येतो. त्यात आईनं स्थळं बघायला काढलीत.

सिव्हिलचं एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते, जवळ आहे, पण तिथं यार्डातलं कुणी भेटलं तर? कोल्हापूरला नाव घालू का? आणि डोक्यातलं हे थांबतं का कधी?

शुभचिंतक
लग्न करून टाक भावा, सगळं लायनीवर येईल.

पोवईनाका
वरच्या साहेबांनी त्या पोरीचा विचार केलेला दिसत नाही. असो.

मी साताऱ्याचा, पन्नाशीला टेकलोय. २००९ पासून गोळ्या चालू आहेत. तेव्हा सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) खाली उतरल्याशिवाय सरकारी गोळी सुरू करत नसत. आजारी पडायची वाट बघत बसायचं, आणि त्या रिकाम्या वेळात माणूस स्वतःवर खटला चालवतो. २०१७ पासून निदान झालं की लगेच औषध, हे तुझं नशीब. मला रात्री भयंकर स्वप्नं पडायची. वाटायचं, पाप स्वप्नात येतंय. काउन्सेलर बाई म्हणाल्या, "अहो, ती इफाविरेन्झ गोळी आहे." आता त्याजागी डोल्युटेग्राविर आलीय, तिनंही काहींची झोप उडते. जागरण होत असेल तर डॉक्टरांना विचारून सकाळी घे. सगळंच मनावर ढकलू नकोस.

कट्ट्यावरच्या पोरांना म्हणावं, सेंटरच्या बाकावर येऊन बसा. नवरा-बायकोच जास्त दिसतील. आपल्यात प्रमाण जास्त आहे, हे खरं. पण लपूनछपून, घाईत भेटायचं आणि तपासणीला जायलाही घाबरायचं, तर दुसरं काय होणार? आपल्याला गुन्हेगार ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आपली सुटका झाली तीच मुळी ६ सप्टेंबर २०१८ ला.

युरोपात ७८२ समलिंगी जोडप्यांचा अभ्यास झाला, २०१९ ला छापून आला. एक जोडीदार पॉझिटिव्ह, पण औषधानं विषाणू दबलेला. निरोध नसतानाही दुसऱ्याला त्याच्याकडून लागण? शून्य. आणि तू भाच्याच्या भाताला भितोस!

कोल्हापूरचं म्हणशील तर जाऊ नको. लांबच्या सेंटरला दिवस मोडतो, मालक कटकट करतो, मग गोळ्या चुकतात. सिव्हिलला यार्डातला कुणी भेटलाच, तर तोही त्याच बाकावर बसलेला असेल की.

निवृत्त_सिस्टर
बाळा, २०१७ चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर तुझ्या संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही. सेंटरला टीबीची तपासणी करतील, घाबरू नको. जेवण जात नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तेही तिथंच सांग. रात्री-अपरात्री मनाला आधार हवा तर टेलिमानस हेल्पलाइन १४४१६, एचआयव्हीचं विचारायला १०९७. दोन्ही फुकट. आणि सांगलीतच संग्राम संस्थेसोबतचं 'मुस्कान' आहे, तुझ्यासारख्यांचं आणि तृतीयपंथीयांचं संघटन. एकदा जाऊन ये.

हळदवाला
सोमवारी सिव्हिललाच जातो. स्थळांचं काय करू?

पोवईनाका
आईला आत्ता काही सांगायची घाई नको. दोन वर्षं लग्न नाही, एवढंच म्हण. कारण विचारलं तर कर्ज सांग. यार्डातला माणूस आहेस, लगेच पटेल.