रीजन्सी बॉनेट : सगळी हातशिलाईच हवी का?

सुईदोरा :
इंग्लंडात बाथ गावी दर सप्टेंबरमध्ये लोक रीजन्सी काळाच्या (राजा आजारी म्हणून युवराज कारभार पाहायचा तो काळ) पोशाखात रस्त्यांवरून मिरवतात. यंदा मी पातळ सुती गाऊन, आखूड स्पेन्सर जॅकेट आणि बॉनेट (चेहऱ्याच्या दोन्ही बाजू झाकणारी, हनुवटीखाली बांधायची टोपी) असं सगळं हाताने शिवलं. एकट्या बॉनेटला सहा आठवड्यांच्या संध्याकाळी लागल्या. माझं मत ठाम आहे. त्या काळाचा पोशाख म्हणायचा तर आतली-बाहेरची प्रत्येक शिवण हाताची हवी. रीजन्सी १८११ ते १८२०. सिंगरचं मशीन आलं १८५१ मध्ये. आणि फरक दिसतोच. मशीनची टीप मारली की मलमलीच्या चुण्या ताठ उभ्या राहतात, हाताच्या चुण्या मऊ पडतात. तुम्हाला काय वाटतं?

निऱ्या :
अजिबात पटलं नाही. मला आठवड्यातून दोन तास मिळतात, तेही मुलं झोपल्यावर. मी जुन्या सामानाच्या दुकानातून गवती हॅट आणली, मागची कड कापली, वाफेवर धरून दोन्ही बाजू खाली वाकवल्या, कडेत तार घातली आणि वर रिबीन लावली. गाऊनच्या लांब शिवणी मशीनवर मारल्या, फक्त गळा आणि बाह्यांना हातशिलाई केली. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत शिवलेली नऊवारी घालणारीला आपण परत पाठवतो का? शिवाय जुन्याच बॉनेटला नवी रिबीन लावून पुन्हा वापरणं हे त्या काळच्या बायका सर्रास करत. मग माझी हॅट कमी खरी कशी?

सुईदोरा :
रिबिनीचा मुद्दा मान्य, तो चांगलाच आहे. पण नऊवारीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. स्वतः नेसल्याशिवाय कासोटा किती घट्ट घ्यायचा ते अंगाला कळत नाही. तसंच इथे. तेव्हा कापड महाग होतं आणि मजुरी स्वस्त, म्हणून तुकडे असे बेतायचे की चिंधीसुद्धा वाया जाऊ नये. शिवण सहज उसवता यायला हवी, कारण तोच गाऊन पुढे बदलून घालायचा असे. हे मला वाचून नाही, उसवताना समजलं. (बॉनेट घातल्यावर बाजूचं काही दिसत नाही, अख्खी मान वळवावी लागते, हे मात्र मशीनवर शिवलेल्यातही कळतं. तेवढं कबूल.)

काडीकापूस :
तुम्ही दोघी सुईवरून भांडताय, मला त्यामागच्या हातांबद्दल बोलायचंय. नेपोलियनशी युद्ध सुरू असताना इटलीचा गवती माल इंग्लंडात येणं अवघड झालं आणि बॉनेटसाठी लागणाऱ्या, बेडफर्डशायर-हर्टफर्डशायरमधल्या गव्हाच्या काड्यांच्या वेण्यांना भाव आला. त्या विणायला चार-पाच वर्षांची पोरं 'वेणीशाळेत' बसवत. वीस यार्डांच्या हिशोबाने वेणी विकली जाई. तलम मलमल आधी ढाक्याची, मग लँकाशायरच्या गिरण्यांची, आणि त्या गिरण्यांचा बराच कापूस अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला. खांद्यावरची शाल काश्मिरी, नाहीतर स्कॉटलंडमधल्या पेझली गावात केलेली तिची नक्कल. आपल्या कोयरीला इंग्रजीत आज त्याच गावाचं नाव आहे! आणि साल बघा. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई, १८१८ मध्ये पेशवाई संपली. ऐन रीजन्सीतच. त्या मिरवणुकीतला ब्रिटिश सैनिकाचा लाल कोट मला बघवत नाही. पोशाख हाताने शिवा नाहीतर मशीनवर, मी तो घालणार नाही.

निऱ्या :
तुमचा राग समजतो, तरी मी घालणार. याच कारणासाठी घालणार. माझ्या शालीवर कोयरी आहे. लोक थांबून विचारतात, कुठली? मग काश्मीरपासून सांगायला सुरुवात करते. घरी बसले तर कोण विचारणार?

काडीकापूस :
सांगत असाल तर ठीक. पण काड्या विणणाऱ्या पोरांबद्दलही सांगा.

सुईदोरा :
हे मला माहीत नव्हतं. माझं बॉनेट विकतच्या वेणीचंच आहे. मी फक्त ती गोल-गोल शिवत गेले, आणि 'सगळं हाताने' म्हणताना वेणी कोणी विणली हा विचारच केला नाही. हातशिलाई मी सोडणार नाही, पण नवख्यांना ती अट घालणं बंद करते. पुढच्या सप्टेंबरला नवीन बॉनेट नाही, हेच, रिबीन बदलून. निऱ्या, तुमची हॅट कापताना काडी ओली होती का? मी एकदा कोरडीच कापली, तर कडेला चरचर तडकत गेली.

निऱ्या :
ओला पंचा गुंडाळून थोडा वेळ ठेवा, मग कापा. आणि कापल्या कापल्या कडेला धावदोरा घाला, नाहीतर वेणी सुटते.