मदत हवी आहे: विमानाच्या पत्र्यातलं बकलिंग तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी,

मी एका खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात एरोनॉटिकलच्या तिसऱ्या वर्षाला एअरक्राफ्ट स्ट्रक्चर्स शिकवते. बकलिंगपाशी, म्हणजे दाबाखाली पातळ भाग एकाएकी बाजूला बाक घेतो तिथे, दरवर्षी गाडी अडते, यंदा फारच अडली आहे. स्ट्रेसचं काम केलेलं किंवा हा विषय शिकवणारं कोणी इथे असेल तर कृपया वेळ काढून लिहा.

मागच्या महिन्यात एका गटाने मिनी प्रोजेक्टसाठी पंखाच्या वरच्या स्किनचा, म्हणजे बाहेरच्या पत्र्याचा, एक तुकडा घेतला. दोन स्ट्रिंजर (पत्र्याला आतून जोडलेल्या लांब पट्ट्या) आणि दोन रिब (पंखातले आडवे आधार) यांच्यामधला चौकोन, १५० मिमी रुंद, ४५० मिमी लांब, १ मिमी जाड, २०२४-टी३ अ‍ॅल्युमिनियम. उडताना पंख वर वाकतो, त्यामुळे वरची स्किन दाबाखाली. सॉफ्टवेअरवर चालवून मुलं निकाल घेऊन आली. सगळीकडे छान निळा-हिरवा रंग, स्ट्रेस (दर चौरस मिमीवर येणारं बल) ४० मेगापास्कल. यील्ड, म्हणजे ज्या स्ट्रेसला धातूचा आकार कायमचा बदलू लागतो तो, त्यांनी ३२४ धरला होता. "मॅम, फॅक्टर ऑफ सेफ्टी आठ येतोय. जाडी कमी करू का?"

मी त्यांना फळ्यावर हाताने हिशोब करायला लावला. चारही कडा नुसत्या टेकलेल्या, गुणक ४, ई (धातूचा ताठरपणा) ७२ गिगापास्कल, पॉयसन गुणोत्तर ०.३३, आणि जाडी भागिले रुंदी या गुणोत्तराचा वर्ग. उत्तर आलं जेमतेम १२ मेगापास्कल. म्हणजे ठरवलेल्या भाराचा तिसरा हिस्सा पडायच्या आतच पत्र्याला बाक आलेला. वर्ग गप्प झाला. मग एकीने विचारलं, "म्हणजे सॉफ्टवेअर चुकलं का?"

चुकलं नव्हतं. साध्या स्टॅटिक विश्लेषणात समतोलाची समीकरणं न वाकलेल्या आकारावर मांडतात, त्यात बाक दिसायला जागाच नसते. त्यासाठी बकलिंगचं विश्लेषण वेगळं चालवावं लागतं. हे मी सांगते, मुलं लिहून घेतात, आणि पुढच्या असाइनमेंटमध्ये पुन्हा तोच निळा-हिरवा रंग आणि तोच आठ.

कॉलमपुरतं मला जमलं आहे. ३० सेंमीची स्टीलची पट्टी, २५ मिमी रुंद, १ मिमी जाड. ती वजनकाट्यावर उभी धरायची आणि वरून तळहाताने हळूहळू दाबायची. साडेचार किलोच्या आसपास आकडा अडतो. त्यापुढे हात खाली जातो, पट्टी धनुष्यासारखी बाजूला जाते, पण आकडा जवळजवळ तिथेच. मग मी भागाकार करायला लावते: ४५ न्यूटन भागिले २५ चौरस मिमी. दोन मेगापास्कलसुद्धा नाहीत! हात काढला की पट्टी पुन्हा सरळ. नंतर एकाने पट्टी मध्यावर दोन बोटांत नुसती धरायची. आता आकडा चौपटीच्या दिशेने चढत जातो, आणि रिब कशासाठी असतात हे मला वेगळं सांगावं लागत नाही.

खरी अडचण इथून पुढे सुरू होते. एवढं पटलं की मुलं दुसऱ्या टोकाला जातात, बाक आला म्हणजे संपलं. बी-५२ बॉम्बर जमिनीवर उभं असतं तेव्हा त्याच्या धडाच्या पत्र्यावर सुरकुत्या दिसतात, तसा एक फोटो मी दाखवला. एकाने अगदी मनापासून विचारलं, "हे भंगारात काढलंय का?" ज्या विमानाचं पहिलं उड्डाण १९५२ सालचं आणि जे अजून सेवेत आहे, ते! पत्र्याने बाक घेतल्यावरही पॅनेल भार वाहतं, भार फक्त स्ट्रिंजरकडे सरकतो, हे मी इफेक्टिव्ह विड्थने, म्हणजे पत्र्याची किती रुंदी अजून भार घेते त्यावरून, सांगते. त्याच पॅनेलमध्ये कडेचा स्ट्रेस ४० झाला तर १५० पैकी साधारण ८० मिमी पत्राच कामाचा उरतो. वॅग्नरने १९२९ साली मांडलेली टेन्शन फील्डची कल्पनाही (बाक आलेला पत्रा तिरप्या ताणाने भार वाहतो) शिकवते. मुलं सूत्र वापरतात, पण त्यांच्या डोळ्यांसमोर काही येत नाही.

तर विचारायचं ते हे. बाक आलेला पत्रा भार वाहतो हे दाखवणारा स्वस्तातला प्रयोग कोणाला माहीत आहे का? यूटीएम (नमुने ताणून-दाबून तपासायचं यंत्र) एकच आहे आणि ते दुसऱ्या विभागाचं, आठवड्यातून दोन तास मिळतं. आणि सॉफ्टवेअर आधी की हाताचा हिशोब आधी, तुमचा अनुभव काय?

प्रतिसाद १

ताई, पंचवीस वर्षं स्ट्रेसमध्ये काढली, त्यावरून लिहितो.

सॉफ्टवेअर नंतर. आणि हाताच्या हिशोबाच्याही आधी एक कागद भरून घ्या: कुठला भाग कुठल्या भाराला बाक घेतला तरी चालेल? लिमिट लोड म्हणजे सेवेत अपेक्षित असलेला सर्वांत मोठा भार, तिथपर्यंत अपायकारक कायमचा आकारबदल नको. त्याच्या दीडपट अल्टिमेट, तो तीन सेकंद पेलला पाहिजे. ही मोजपट्टी हातात नसेल तर १२ मेगापास्कल हा आकडा चांगला की वाईट, हे मुलांनी ठरवायचं कसं? पत्र्याला सवलत देता येते, स्ट्रिंजरला नाही. त्यानंतर आकार ओळखायला लावा. ४५० भागिले १५० म्हणजे तीन अर्ध्या लाटा. हे वहीत लिहिल्याशिवाय संगणक सुरू करू द्यायचा नाही. पडद्यावर तीन फुगवटे दिसले नाहीत तर कडा कशा बांधल्या ते मुलं आपणहून तपासतील.

आता प्रयोग. चार लाकडी पट्ट्यांची चौकट करा, कोपऱ्यांत एकेक बोल्ट, थोडा सैल. चौकट लुळी असली पाहिजे, हाताने ढकलली की कलली पाहिजे. तिच्यावर भेटवस्तूला गुंडाळतात तो जिलेटीन कागद ताठ चिकटवा. डावी बाजू टेबलाला क्लॅम्प करा, उजवीकडे वजनं लटकवा. कागदावर वरच्या डाव्या कोपऱ्याकडून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे तिरप्या सुरकुत्या येतील, आणि वजन मात्र लटकलेलं राहील. आता ब्लेड घ्या. सुरकुतीच्या दिशेने एक चीर द्या, फारसं काही होणार नाही. मग सुरकुत्यांना आडवी चीर द्या.

एक मात्र सांभाळा. सुरकुती चालते हा नियम मुलांनी सगळीकडे लावू नये. सपाट पत्रा बाक घेऊनही भार वाहतो, पण पातळ नळकांडं दाबाखाली एकदम बसतं, आणि तेही सूत्राने सांगितलेल्या भाराच्या कितीतरी आधी. घडणीतला बारीकसा दोषही तिथे पुरतो. नासाने २०११ साली हंट्सव्हिलला साडेसत्तावीस फूट व्यासाचं अ‍ॅल्युमिनियम-लिथियमचं नळकांडं मुद्दाम चिरडून पाहिलं ते यासाठीच. वर्गात शीतपेयाचा रिकामा कॅन पुरे. त्यावर जपून उभं राहता येतं, आणि दुसऱ्याने बाजूला बोट लावलं की कॅन जागच्या जागी चपटा.

प्रतिसाद २

मीही हाच विषय शिकवतो. पट्टीच्या प्रयोगाला साउथवेलचा आलेख, म्हणजे मोजमापांवरून बाक येण्याचा भार काढायची रीत, जोडा मॅडम. पट्टी मुळातच किंचित वाकडी असते, त्यामुळे बाक नेमका कधी आला यावर मुलं भांडत बसतात. मध्यबिंदू किती सरकला ते मोजून, सरकणं भागिले भार हे सरकण्यासमोर मांडायचं. सरळ रेषा येते, तिच्या चढाचा व्यस्त म्हणजे क्रिटिकल भार, ज्याला बाक येतो तो. अगदी सुरुवातीची मापं सोडून द्या, ती रेषेवर बसत नाहीत. नमुना मोडावा लागत नाही, म्हणजे यूटीएमची वाटही पाहायला नको.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. चौकट शनिवारी केली. पहिला कागद कोपऱ्यात बोल्टपाशीच फाटला, म्हणून दुसऱ्याला कडेने चिकटपट्टीची दुहेरी घडी दिली. तीन किलो लटकवले. सुरकुतीच्या दिशेने चीर दिली तेव्हा सगळे वजनाकडे बघत होते, ते जेमतेम हललं. दुसऱ्या चिरेच्या आधी मी ब्लेड मुलींच्या हातात दिलं आणि काय होईल ते विचारलं. "सॉफ्टवेअर चुकलं का" म्हणणारीच म्हणाली, "ही ताणाला आडवी जाईल मॅम, सगळं खाली येईल." आलं.

तो आठ वाला गटही काल परत आला. जाडी तीच ठेवून त्यांनी मधे एक स्ट्रिंजर घातला आहे. रुंदी ७५ झाली, पत्र्याचा आकडा चौपट होऊन ४७ वर गेला. त्यांच्या वहीत लिहिलंय: लिमिटला ४०, पत्रा सपाट; अल्टिमेटला ६०, पत्रा बाक घेईल, भार स्ट्रिंजरवर.

त्यामुळे आता पुढचं विचारते. तो स्ट्रिंजर झेड आकाराचा आहे आणि त्याचं क्रिपलिंग (दाबाखाली त्याच्या छेदाचं जागच्या जागी चुरगळणं) मुलांना हातानेच तपासायचं आहे. तिसऱ्या वर्षाला झेपेल अशी रीत कोणती वापरता, आणि मोकळ्या कडेच्या पट्टीसाठी गुणक किती धरता?