गायराडोसला टेरा ग्राउंड द्या

पोकेमॉन गेमच्या लढतीत ड्रॅगन डान्स (हल्ला आणि वेग वाढवणारी चाल) एकदा बसला की गायराडोस (वॉटर-फ्लाइंग प्रकारचा पोकेमॉन) आवरत नाही, असं इथे वर कुणीतरी म्हटलंय, ते अर्धंच पटतं. समोर रोटोम-वॉश (इलेक्ट्रिक-वॉटर पोकेमॉन) आला की विल-ओ-विस्प या चालीनं भाजून तुमचा मार निम्मा करतो, वर इलेक्ट्रिक चौपट लागतं ते वेगळंच.

स्कार्लेट-व्हायोलेट या गेममध्ये इलेक्ट्रिकवर टेरा ग्राउंड (लढतीत एकदा पोकेमॉनचा प्रकार बदलून ग्राउंड करणं) हा उतारा आहे, त्याचं नाव कुणीच काढलं नाही. आमच्या लातूरच्या होस्टेलवर (नीटची टेस्ट संपली की रात्री हाच धंदा) एक पोरगा थंडरबोल्ट (इलेक्ट्रिक चाल) येणार हे हेरून त्याच चालीत टेरा करतो आणि डान्स मारतो. ग्राउंडला इलेक्ट्रिक लागतच नाही, म्हणून थंडरबोल्ट वाया, पुढचा अर्थक्वेक (ग्राउंड चाल) दीडपट! फक्त तो रोटोमवर मारू नका, लेव्हिटेटमुळे (हवेत तरंगायची क्षमता) लागतच नाही. आणि टेरानंतर ग्रास, आइस, वॉटर प्रकारच्या चाली सांभाळा.